बर्फाखालची ऊब

जानेवारीतल्या त्या रविवारी रेडिओवरच्या बातम्यांत काश्मीरला बर्फ पडल्याचं सांगितलं, तेव्हा लालासाब पिंजारी अंगणात उकिडवे बसून एका जुन्या गादीची खोळ उसवत होते. त्यांनी कात्री थांबवली, नाकातोंडावर बांधलेलं फडकं खाली ओढलं आणि बातमी संपेपर्यंत कान देऊन ऐकलं. मग घराकडं तोंड करून म्हणाले, "सुलतान, आट दिसांत गारठा येतोय बग. कापसाचा आनकी एक बोजा सांगून ठिवाय पायजे."

"आदी हाय त्यो संपवा," सुलतानबी चुलीपासून म्हणाली. "घरात पाय ठिवाय जागा न्हाय. भाकरीत बी कापूस लागतोय."

लालासाबांचा हा अंदाज चाळीस वर्षांत फारसा चुकला नव्हता. उत्तरेत बर्फ पडला की आठवड्याभरात तिकडचा वारा खाली उतरायचा, पंचगंगेवर पहाटेचं धुकं धरायचं, आणि पेठेतल्या बायकांना एकाएकी आठवायचं की घरातली दुलई गेल्या सालीच दडपून पापडासारखी झाली होती. मग दारात गिऱ्हाइकांची रीघ लागायची. ज्या बर्फावर घरची चूल पेटायची, तो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना ठाऊक असलेला बर्फ म्हणजे सरबतवाल्याच्या गाड्यावरची, भुसा आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी.

नजीरा पायरीवर वह्या तपासत बसली होती. ती त्यांची एकुलती लेक. जयसिंगपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. तिथंच भाड्याची खोली घेऊन राहायची, शनिवारी संध्याकाळी घरी यायची आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायची. वय पस्तिशीला टेकलं होतं; लग्न जमलं नव्हतं आणि आता घरात तो विषयही कुणी काढत नसे.

"तिकडं गव्हावर पडला असंल न्हवं त्यो बर्फ?" लालासाबांनी विचारलं. विचारताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. खोळीचे टाके एकेक करून तोडत राहिले.

या वाक्याचा पुढचा अर्धा भाग नजीराला ठाऊक होता. बारा वर्षं ते तो बोलत नव्हते आणि ती ऐकत नव्हती.

"असेल," ती म्हणाली. "चहा घ्या, बाबा. निवतोय."

त्यांनी चहा घेतला, बशी विसळून पायरीवर ठेवली, फडकं पुन्हा वर बांधलं आणि पिंजायची धनुकली अंगणावरच्या वाशाला बांधलेल्या दोरीला अडकवली. लाकडी मोगरीचा ठोका धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर पडला आणि अंगणात तो भरीव आवाज सुरू झाला, ज्यात नजीराचं सगळं लहानपण गेलं होतं. घट्ट झालेल्या कापसाचे गोळे तातीला चिकटायचे, उडायचे, सुटे व्हायचे, आणि हळूहळू त्यांच्यापुढं मूळच्या चौपट उंचीचा पांढरा ढीग उभा राहायचा. मधूनमधून ते खोकायला थांबायचे. हा खोकलाही घरातलाच एक आवाज झाला होता.

दहाच्या सुमारास शेजारचा गुंडू आला. तो खोळी शिवून द्यायचा. लालासाबांचा तीस वर्षांपासूनचा जोडीदार. दारातनंच ओरडला, "ऐकलं का पावणं, बर्फ पडला म्हणं! मग औंदा दुलई कापसाची का बर्फाची?"

"तुला बर्फाची देतो," लालासाब म्हणाले. "कापूस मानसासाटी हाय."

गुंडू हसला, लालासाब हसले, सुलतानबीही आतून हसली. नजीरानं पुढची वही उघडली.

हे हसणं जयसिंगपुरातनं आलेलं होतं, एकोणसत्तर सालचं. नजीराला नोकरी लागून तेव्हा सहा महिने झाले होते. शाळेत शास्त्र आणि भूगोलाचं प्रदर्शन होतं आणि तिच्या वाट्याला हिमालय आला होता. पत्र्याचे डबे, त्यांवर पोती, पोत्यांवर माती आणि वर चुना, अशी शिखरं मुलींनी उभी केली. पण चुन्याचा बर्फ काही केल्या बर्फासारखा दिसेना, नुकत्या रंगवलेल्या भिंतीसारखा दिसायचा. तिनं घरी बोलून दाखवलं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी लालासाब गुंडूला सोबत घेऊन, चादरीत बांधलेलं कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन शाळेत हजर. तो कापूस त्यांनी रात्रभर तीनदा पिंजलेला होता. शिखरांवर त्यांनी तो असा अलगद पसरला की कुणी दार ढकललं तरी वरचा थर थरथरायचा.

मग पाहुणे आले. संस्थेचे एक पंच होते, आण्णा म्हणायचे त्यांना. तंबाखूचे व्यापारी, पटका बांधणारे, सगळ्यात बोलायची सवय असलेले. नजीरानं पाठ केल्यासारखं सांगितलं. उंच ढगात पाण्याची वाफ असते, पण नुसत्या वाफेचा बर्फ होत नाही. तिला बसायला धुळीचा एखादा कण लागतो. त्या कणाला धरून वाफ गोठते, सहा बाजूंनी वाढत जाते आणि जड झाली की खाली येते. तो बर्फ हिवाळाभर डोंगरावर साठतो, उन्हाळ्यात वितळतो, म्हणून वैशाखातसुद्धा गंगेला पाणी असतं. आपल्या पंचगंगेच्या डोक्यावर बर्फ नाही. गगनबावड्याकडचा पाऊस थांबला की चार महिन्यांत पात्रातले दगड उघडे पडतात.

लालासाब हातात कापसाचा पुंजका तसाच धरून ऐकत होते. आपल्या पोरीच्या तोंडून निघणारी ती माहिती त्यांना कशी वाटत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता आलं असतं. त्या दिवशी ते वाचायला नजीराला सवड नव्हती.

"बाई," आण्णांनी विचारलं, "एवढा बर्फ पडला म्हंजे खालच्या पिकाचं काय व्हत असंल वो?"

हे तिनं कुठं वाचलेलं नव्हतं. पण पंचांसमोर गप्प राहणं शक्य नव्हतं. "थंडीनं मरून जातं," ती म्हणाली.

"न्हाय मरायचं," मागून आवाज आला.

सगळे वळले. लालासाब पुढं झाले. "बर्फ असा भुसभुशीत असंल, पिंजल्यासारका, तर खाली ऊब ऱ्हानार. ऊब काय कापसात नसतीया, सायेब. कापसात अडकलेल्या हवंत असतीया. म्हून तर दडपलेली गादी लोक पुन्यांदा पिंजाय टाकत्यात. कापूस त्योच असतोय, हवा तेवडी गेलेली असती. बर्फाचं बी तसंच असंल की. वरनं गार लागला तरी खालच्याला पांगरून."

आण्णांनी नजीराकडं पाहिलं. मुख्याध्यापकांनी पाहिलं. दोन शिक्षिका, ज्या तिच्या आडनावावरून आपापसात कुजबुजायच्या, त्यांनीही पाहिलं. नजीराला एकच दिसलं: डोक्याला, भुवयांना, कानाच्या पाळीला कापसाचे तंतू चिकटलेला एक पिंजारी, आणि त्याची मुलगी कोण ते आता सगळ्यांना कळलेलं.

"बाबा, तुम्ही कापसाचं तेवढं बघा," ती म्हणाली. "हे पुस्तकातलं आहे."

आधी आण्णा हसले. "वा! बर्फात ऊब! मग आमास्नी एक बर्फाची दुलई शिवून द्या की, पावणं!" मग सगळी खोली हसली.

लालासाबही हसले. खाली सांडलेले कापसाचे पुंजके त्यांनी वाकून गोळा केले, चादर झटकली, आणि जेवायला न थांबता "गिऱ्हाईक खोळंबलंय" म्हणून निघून गेले. गुंडूनं ती गोष्ट त्याच दिवशी पेठेतल्या तिकटीच्या चौकात नेली. त्यात त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. चांगली गोष्ट पोटात ठेवायची त्याला सवयच नव्हती. महिन्याभरात पेठेतली पोरंसुद्धा लालासाबांना पाहिलं की विचारायला लागली, बर्फाची दुलई केवढ्याला दिली म्हणून. बायका गादी टाकायला यायच्या आणि म्हणायच्या, "कापूसच भरा हं, बर्फ नगो." ते प्रत्येक वेळी हसायचे. पण त्यानंतर ते कधी जयसिंगपूरला आले नाहीत. नजीरानं खोली घेतली तेव्हा भांडीकुंडी घेऊन सुलतानबी आली. लालासाबांनी तिला कोल्हापूरच्या स्टेशनावर गाडीत बसवून दिलं आणि ते फलाटावरनंच मागं फिरले.

चार वर्षांनी नजीराच्या हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, थंड मुलखांतल्या हवामानाचं. ते तिनं स्वतःच्या हौसेनं वाचायला घेतलं होतं. शाळेला त्याची गरज नव्हती. त्यात एक प्रकरण जमिनीवर साठलेल्या बर्फाचं होतं. ताज्या बर्फात दहा भागांतले नऊ भाग हवाच असते, असं त्यात लिहिलं होतं. ही अडकलेली हवा वरची थंडी खाली जाऊ देत नाही आणि जमिनीतली ऊब वर सुटू देत नाही. वर हवा शून्याच्या वीस अंश खाली असली, तरी जाड थराखालची माती शून्याच्या आसपास राहते आणि पेरलेला गहू त्याखाली निभावून जातो. ज्या हिवाळ्यात बर्फ पडत नाही, त्या हिवाळ्यात शेतकरी धास्तावतात.

तिनं ते पान दोनदा वाचलं. शनिवारी घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं. शनिवारी घरात पाहुणे होते. पुढच्या शनिवारी लालासाबांना ताप होता. त्याच्या पुढच्या शनिवारी असं काहीच कारण नव्हतं, तरी तिनं सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वीची ती गोष्ट उकरून काढायची म्हणजे आधी आपण त्यांना काय म्हणालो ते बोलावं लागणार होतं, आणि ते तिच्या जिभेवर येईना.

वर्गात मात्र ते सहज आलं. नववीला हिमालय शिकवताना तिनं एकदा सांगून टाकलं: ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते, दडपलेली गादी आपण पुन्हा का पिंजायला टाकतो? मुलींना ते झटक्यात समजलं. मग ती दर वर्षी सांगू लागली. एका वर्षी तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी शेऱ्यात लिहिलं की, दैनंदिन जीवनातला इतका समर्पक दाखला त्यांनी दुसऱ्या कुठल्या शाळेत ऐकला नव्हता. ती बातमी घरी पोचली.

"कशापायी दिली गं शाबासकी?" लालासाबांनी विचारलं होतं. ते तेव्हा ताट धुऊन पालथं घालत होते.

"भूगोलाच्या पाठाबद्दल."

"व्हय व्हय. पन कुटल्या?"

"असाच एक. हवेचा."

"ब्येस," ते म्हणाले होते आणि तीन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले होते. त्यानंतर सांगायची वाट बंदच झाली. आता नुसती चूक कबूल करून भागणार नव्हतं.

जानेवारीतल्या त्या रविवारीही यातलं काही बोलणं झालं नाही. दुपारी लालासाबांनी मटणाचा रस्सा खाल्ला, तिखट कमी पडलं म्हणून सुलतानबीला डिवचलं, संध्याकाळी जुनं गिऱ्हाईक असलेल्या गारगोटीच्या धोंडुबाईच्या लेकीच्या लग्नातल्या दोन गाद्यांचा कापूस पिंजून ठेवला. सोमवारी पहाटे नजीरा निघाली, तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. "शाल घे की," म्हणाले. "गारठा येनार हाय." ती शाल न घेताच निघाली, कारण गाडीची वेळ झाली होती.

अकराच्या सुमारास शाळेत फोन आला. धनुकली दोरीला अडकवताना छातीत कळ आली होती. गुंडू रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

ती पोचली तेव्हा मयताची अंघोळ, गुसल, होऊन कफनाची तयारी चालली होती. धाकटा चुलता गैबी सगळ्यांना हुकूम सोडत होता. लोबान आलं होतं, अत्तर आलं होतं, आणि नाकाकानात घालायला कापूस हवा होता, तो कुणीतरी धावत जाऊन औषधाच्या दुकानातनं आणला होता, निळ्या कागदात गुंडाळलेलं बंडल. चार हातांवर अंगणात पिंजलेल्या कापसाचा कंबरभर ढीग पडला होता. त्याकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. नजीराच्या लक्षात आलं. पण तोवर बंडल फोडलेलं होतं, आणि अशा वेळी त्यावरून बोलणं तिला शोभलं नसतं.

पुरुष जनाजा घेऊन गेले. बायका घरी राहिल्या. तिला रडू आलं नाही. जमलेल्या बायकांनी त्याची नोंद घेतली.

आठ दिवसांनी खरंच गारठा आला. गिऱ्हाइकं दारात यायची, बातमी ऐकून हळहळायची आणि मग जरा घुटमळून विचारायची, आमच्या दुलईचं काय? नजीरा रजा काढून राहिली होती. अर्धवट राहिलेलं काम तिनं मशीनवर पिंजून देणाऱ्याकडं सोपवलं. धोंडुबाई गारगोटीहून एस.टी.नं आली. रांगडी, मोठ्या आवाजाची बाई. आधी पदर डोळ्यांना लावून तिनं सुलतानबीजवळ बसून घेतलं, मग नजीराकडं वळली.

"मास्तरीणबाई त्या तुमीच न्हवं? लई ऐकलंय तुमचं."

"काय ऐकलंय?"

"आता काय सांगायचं! गादी टाकाय आलं की लालासाबांचं एकच. धोंडुबाई, बर्फ कसा व्हतो म्हाईत हाय का? म्हटलं, न्हाय बा. तर म्हनायचे, माजी लेक सांगती, ढगात धुळीचा कन लागतोय. त्येच्यावर वाफ बसती. कन नसंल तर बर्फ जमत न्हाय. सा बाजू असत्यात म्हनं त्येला. माजी लेक सांगती, आपल्या नदीला बर्फ न्हाय म्हून ती आटती. म्हटलं, लालासाब, लेक शानी हाय तुमची, पन आमची गादी शनवारी मिळंल का?" ती ओल्या डोळ्यांनी हसली. "धा-बारा वर्सं झाली, दर खेपेला त्येच. आमच्या गावात निम्म्या बायास्नी पाट झालंय, नजीरा सांगती म्हून."

"आणि बर्फाच्या दुलईचं?" नजीरानं विचारलं. "ते सांगायचे का?"

"त्ये दुसरी सांगायची की, चेष्टा करून. ह्यास्नी कुनी त्यावरनं छेडलं तर म्हनायचे, आमचं काय, आमी अडानी मानूस. पुस्तकात असंल त्ये खरं."

धोंडुबाईच्या गाद्या दुसऱ्या दिवशी तयार करून देते, असं नजीरानं सांगितलं. तिला चहा दिला. धोंडुबाई गेल्यावर नजीरा बशी विसळून पायरीवर टेकली. बारा वर्षं बाप तिचं ज्ञान तिच्या नावानं गावोगाव वाटत होता. आणि तिनं त्याचं ज्ञान बिननावाचं करून वर्गात वापरलं होतं. विचारानं सुटण्यासारखं यात काही नव्हतं. तिनं वाचलेल्या पुस्तकांत पश्चात्तापाची पानंच्या पानं होती. त्यांतलं एक वाक्यही आता कामाला येईना.

चाळिसाव्याला घरात माणसं मावत नव्हती. फातिहाची प्रार्थना झाली. अंगणात, जिथं धनुकली टांगायचे, तिथं सतरंजी अंथरून पुरुष जेवायला बसले. पेठेतले सगळे होते, मुसलमान आणि मराठे मांडीला मांडी लावून. गैबी वाढण्यावर लक्ष ठेवून होता. नजीरा आतल्या दारात परात घेऊन उभी होती.

चाळीस दिवसांनी माणसं मेलेल्याबद्दल हसून बोलू लागतात. लालासाबांचे विनोद निघाले, त्यांच्या सायकलीचे किस्से निघाले. मग गुंडूनं बोटं चाटून सुरुवात केली, "आणि त्यो बर्फ? जैसिंगपुरात, भर पंचांच्या म्होरं, मी हुतो की तितं शेजारी! ह्यो गडी म्हनतो, बर्फाखाली ऊब असती!" माणसं आधीच हसायला लागली. "आण्णा म्हनले, मग दुलई द्या शिवून! काय हशा म्हनायचा. बिचारा पार कानकोंडा झाला, पन गडी लई भोळा. भोळाच गेला."

"भोळाच," गैबी म्हणाला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

नजीरानं परात खाली ठेवली आणि उंबऱ्याबाहेर आली. "गुंडूकाका, बाबांचं बरोबर होतं."

"व्हय की पोरी. लई भला मानूस."

"भलेपणाचं नाही म्हणत मी. बर्फाचं म्हणतेय. बर्फाखाली ऊब असते. ते म्हणाले तशीच, त्यात अडकलेल्या हवेमुळं."

हसणं एका टोकाकडनं थांबत आलं. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, उगाच. "असंल, असंल," गुंडू म्हणाला. "आमाला काय कळतंय?"

"नजीरा, आत जा," गैबी हलक्या आवाजात म्हणाला. "मानसं जेवाय बसल्यात. ह्ये काय आता?"

"जाते, चाचा. एवढं ऐकून घ्या. त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं. पंचांसमोर मी ठोकून दिलं, आणि बाबांनी खरं सांगितलं तेव्हा त्यांना गप्प केलं. मला त्यांची लाज वाटली म्हणून. चार वर्षांनी मी ते पुस्तकात वाचलं. तेव्हापासून आठ वर्षं मला ठाऊक होतं. वर्गात मी त्यांचाच दाखला दिला, त्यांच्याच शब्दांत, आणि शाबासकी मी घेतली. तुम्ही इथं त्यांना हसत होता तेव्हा मी या पायरीवर बसून वह्या तपासत होते. एका शब्दात थांबवता आलं असतं तुम्हाला. ते अडाणी नव्हते आणि भोळेही नव्हते. त्यांचं बरोबर होतं. चुकले मी होते. हे त्यांच्यासमोर म्हणायचं होतं मला. ते काही झालं नाही. म्हणून तुमच्यासमोर म्हणतेय."